व्हिम, ईमॅक्स की व्हीएसकोडियम: आधी कोड कुठे राहतो ते बघा

कोड लिहायचा एडिटर निवडताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. मित्राच्या स्क्रीनवरची रंगसंगती बघून भुलतात आणि मग आपलं काम त्यात कोंबतात. त्याआधी दोनच प्रश्न विचारा. कोड तुमच्या लॅपटॉपवर आहे की सर्व्हरवर? आणि लॅपटॉपमध्ये रॅम किती आहे?

रॅम ८ जीबी किंवा जास्त असेल आणि कोड जवळच असेल, तर व्हीएसकोडियम घ्या. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरचा स्रोत एमआयटी परवान्याखाली खुला आहे. पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून जो तयार प्रोग्रॅम उतरवता, त्याचा परवाना वेगळा, मालकी हक्काचा आहे आणि त्यात टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती कंपनीला पाठवणं, चालू असते. त्याच स्रोतातून हे सगळं वगळून बांधतात तो व्हीएसकोडियम. दोघे दिसायला जुळे. फरक कळतो तो एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, शोधताना, कारण इथलं दुकान ओपन व्हीएसएक्सचं आहे. पायथनसाठी मायक्रोसॉफ्टचं पायलान्स मिळणार नाही, बेस्डपायराइट बसवा. सी आणि सी++ साठी क्लँगडी. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्टेन्शनची फाइल बाहेरून आणून बळेच बसवणारेही असतात. तो परवान्याचा भंग तर आहेच, शिवाय त्यातली काही एक्स्टेन्शनं अधिकृत व्हीएस कोडबाहेर चालायलाच नकार देतात.

४ जीबीवर मात्र याच्या वाटेला जाऊ नका. आत अख्खा क्रोमियम ब्राउझर बसलेला असतो. त्यावर लँग्वेज सर्व्हर (कोडच्या चुका आणि सूचना दाखवणारा प्रोग्रॅम), शेजारी ब्राउझर, की रॅम संपून मशीन डिस्कवरच्या स्वॅपमध्ये गेलंच. रॅम वाढवायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा बाजार गाठण्याआधी ती बोर्डवर सोल्डर केलेली नाही ना, एवढं तपासा. असेल तर खेप फुकट.

कोड सर्व्हरवर असेल तर गणित बदलतं. व्हिमचा पूर्वज व्हीआय किंवा त्याचा अवतार जवळपास प्रत्येक युनिक्स-लिनक्स मशीनवर असतो, त्यामुळे रोज काहीही वापरा, व्हिम कामापुरता आलाच पाहिजे. सोबत येणारा व्हिमट्युटर हा सरावपाठ अर्ध्या तासात संपतो. लिनक्सच्या कमांडच कच्च्या असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत.

नवख्याला पहिला फटका बसतो तो उबंटू किंवा डेबियनच्या आटोपशीर इन्स्टॉलेशनवर. इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे मजकूर टाइप करताना, बाणाची कळ दाबली की कर्सर हलायच्या ऐवजी ए, बी, सी, डी उमटतात. कीबोर्ड बिघडलेला नसतो. तिथे व्हिम-टायनी ही छाटलेली आवृत्ती असते आणि ती जुन्या व्हीआयसारखी वागते. पूर्ण व्हिम पॅकेज टाका. दुसरा फटका कॉपी-पेस्टचा. डेबियनच्या साध्या व्हिममध्ये सिस्टिम क्लिपबोर्डची सोय नसते. व्हिमच्या व्हर्जन कमांडने येणाऱ्या यादीत क्लिपबोर्ड या शब्दाआधी वजा चिन्ह दिसलं तर व्हिम-जीटीके३ बसवा.

लोकलमध्ये, म्हणजे बसायला मिळालंच तर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सर्व्हरची फाइल उघडलीत आणि रेंज गेली, तर तिघांचं वागणं वेगवेगळं. व्हिम न सेव्ह झालेल्या बदलांची स्वॅप फाइल ठेवून मरतो. पुन्हा उघडल्यावर ई३२५ चा इशारा येतो. तिथे घाईने ई (तसंच संपादन) दाबू नका, आर (रिकव्हर) दाबा. सुटलेला मजकूर परत मिळाला की नीट बघा, सेव्ह करा, मगच ती स्वॅप फाइल पुसा. त्याहून बरं म्हणजे सर्व्हरवर आधी टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी टर्मिनल जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम, चालू करून त्यात व्हिम उघडायचा. रेंज आली की टीमक्सला पुन्हा जोडून घ्या, कर्सरसुद्धा जागेवर असतो.

ईमॅक्सचा ट्रॅम्प हा दूरच्या फाइली उघडणारा भाग फाइल तुमच्याकडे आणतो. टाइप करताना नेट लागत नाही, फक्त उघडताना आणि सेव्ह करताना लागतं, म्हणून ढिल्या नेटवर तोच सुखाचा. मात्र सर्व्हरच्या शेलचा प्रॉम्प्ट नटवलेला असेल तर ट्रॅम्प लॉगिनलाच अडकून बसतो, कारण प्रॉम्प्ट कुठे संपला हे त्याला ओळखता येत नाही. टर्म व्हेरिएबल ‘डम्ब’ असेल तेव्हा साधा प्रॉम्प्ट द्यायचा, अशी अट सर्व्हरच्या शेलच्या कॉन्फिग फाइलमध्ये घाला. व्हीएसकोडियमचं ओपन रिमोट एसएसएच हे एक्स्टेन्शन समोरच्या मशीनवर स्वतःचा सर्व्हर चढवतं. १ जीबीच्या व्हीपीएसला (भाड्याच्या छोट्या सर्व्हरला) ते अनेकदा झेपत नाही.

मराठी मजकूर लिहिणाऱ्यांसाठी, मग ते भाषांतराच्या फाइली असोत की वेबसाइट, निवड आणखी सोपी होते. व्हिमच्या पडद्यावर ठरावीक रुंदीच्या चौकटी असतात. जोडाक्षरं त्यात बसत नाहीत, फुटतात आणि कर्सर भलतीकडे दिसतो. वर इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू ठेवून आज्ञा द्यायला एस्केप दाबलंत, तर जे म्हणजे र आणि के म्हणजे क. आज्ञा कुणालाच कळत नाहीत. लँगमॅप (अक्षरांची आज्ञांशी जुळणी लावणारी सेटिंग) लावून यातून वाट निघते, पण ती किरकिर रोजची. ईमॅक्समध्ये इनपुट मेथड आतच आहे. देवनागरी-इनस्क्रिप्ट निवडा, कंट्रोल-बॅकस्लॅशने चालू-बंद करा. मजकूर मराठीत उमटतो, आज्ञा इंग्रजीच राहतात. २७व्या आवृत्तीपासून अक्षरं जुळवणारं हार्फबझ असल्याने खिडकीतल्या ईमॅक्समध्ये जोडाक्षरंही नीट दिसतात. व्हीएसकोडियममध्येही अक्षरं छान जुळतात, पण कीबोर्ड तुम्हालाच बदलत राहावा लागतो.

एक खोड तिन्हीकडे सारखी. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (जोडणारं चिन्ह). डोळ्यांना दोन्ही एकच, शोधाला वेगळे. शब्द समोर असून सापडत नसेल तर व्हिममध्ये त्यावर कर्सर नेऊन जी-ए दाबा, अक्षराचे कोड दिसतात.

ईमॅक्सची किंमत करंगळी मोजते, कारण कंट्रोलची कळ सतत दाबावी लागते. पहिल्याच दिवशी कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाका. सुरू व्हायला वेळ घेतो ही तक्रार डीमन (मागे चालू राहणारा ईमॅक्स) चालवून ईमॅक्सक्लायंटने फाइल उघडली की मिटते. २९व्या आवृत्तीपासून लँग्वेज सर्व्हरशी बोलणारा एग्लॉट आतच असल्याने त्यासाठी वेगळं पॅकेज शोधावं लागत नाही.

काहीही निवडलंत तरी कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिटला ते सांगा, म्हणजे कमिटचा संदेश लिहायला तो तोच एडिटर उघडेल. व्हीएसकोडियम देताना कोडियम या कमांडपुढे ‘वेट’चा पर्याय लावायला विसरू नका, नाहीतर खिडकी उघडताच गिटला वाटतं काम झालं, आणि संदेश रिकामा म्हणून कमिट रद्द होतं.