स्टार ट्रेक आता सुरू करायचंय: आधी ‘डिस्कव्हरी’ की ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’?

1966 पासूनचं सगळं आधी पाहायला हवं, या धास्तीनेच अनेक जण स्टार ट्रेक या अवकाशातल्या विज्ञानकथांच्या मालिकांच्या वाटेला जात नाहीत. त्याची गरज नाही. 1966 च्या मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कची मोहीम 2265 मध्ये सुरू होते. ‘डिस्कव्हरी’ची गोष्ट 2256 मध्ये उघडते आणि ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ची 2259 मध्ये. म्हणजे दोन्ही गोष्टी कर्कच्या आधीच्या, आणि नव्या प्रेक्षकासाठी दोन्ही दारं उघडी आहेत, पण आतली घरं मात्र फार वेगळी आहेत.

2017 ते 2024 या काळात आलेल्या ‘डिस्कव्हरी’चे 5 सीझन आणि 65 भाग आहेत. प्रत्येक सीझन म्हणजे एकच सलग गोष्ट. मध्ये दोन आठवडे खंड पडला तर कोण कोणावर का चिडलंय हेच आठवेनासं होतं. नवे प्रेक्षक बहुधा पहिल्या दोन भागांनंतरच सोडून देतात, आणि त्याचं कारण सरळ आहे: ते दोन भाग नुसती प्रस्तावना आहेत. ज्या यानाच्या नावाने मालिका ओळखली जाते ते यान तिसऱ्या भागात दिसतं. त्यातच क्लिंगॉन ही परग्रहावरची लढवय्यी मंडळी त्यांच्याच भाषेत लांबलचक बोलतात, त्यामुळे सबटायटल वाचावीच लागतात. फोनवर किंवा स्वयंपाक करता करता हा सीझन पाहू नका. चौथा भाग संपेपर्यंत मतही बनवू नका.

‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ 2022 मध्ये सुरू झाली आणि तिच्या पहिल्या तीन सीझनमध्ये प्रत्येकी 10 भाग आहेत. इथे दर भागात नवा ग्रह, नवा पेच आणि बहुतेक वेळा तासाभरात निकाल. कामावरून दमून आल्यावर एकच भाग पाहून झोपणाऱ्यांसाठी ही रचना उत्तम. तरी भाग उलटसुलट पाहू नयेत, कारण यानाचा कॅप्टन पाइक याच्या मनातलं ओझं, स्पॉक आणि नर्स चॅपल यांच्यातली ओढ, ला’आनची गॉर्न या सरड्यासारख्या परग्रहवासीयांबद्दलची भीती हे धागे आतून चालूच असतात. मालिकेचा सूर दर भागाला बदलतो. दुसऱ्या सीझनचा नववा भाग चक्क संगीतिका आहे. सातव्यात ‘लोअर डेक्स’ या अ‍ॅनिमेशन मालिकेतली पात्रं हाडामांसाची होऊन येतात, आणि ती मालिका न पाहिलेल्यांचे तिथले निम्मे विनोद हुकतात.

दोन्ही मालिका एकमेकींना चिकटलेल्या आहेत, त्यामुळे क्रमाचा प्रश्न येतो. पाइक, स्पॉक आणि पाइकची उपप्रमुख ‘नंबर वन’ यांचा हा संच आधी ‘डिस्कव्हरी’च्या दुसऱ्या सीझनमध्ये दिसला, आणि पाइकला स्वतःचं भवितव्य कळतं तो प्रसंग त्याच सीझनच्या बाराव्या भागात आहे. म्हणून ‘डिस्कव्हरी’ थेट दुसऱ्या सीझनपासून धरावी, असं सुचवलं जातं. ते पटत नाही. ‘डिस्कव्हरी’तले डॉ. कल्बर, टायलर आणि जॉर्जू हे ज्या अवस्थेत असतात ती पहिल्या सीझनशिवाय उमगत नाही, आणि 14 भाग नुसतं विचारत बसावं लागतं. त्यापेक्षा ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’चा पहिला सीझन पाहा आणि आवडला तर ‘डिस्कव्हरी’ अगदी पहिल्या भागापासून घ्या. पाइकच्या प्रसंगातला धक्का कमी होईल, पण त्याने केलेली निवड उलट जास्त भिडेल.

जुन्या मालिकेतले चारच भाग हाताशी ठेवले तरी रंगत पुष्कळ वाढते. पाइकसाठी पहिल्या सीझनचे 11 आणि 12 हे जोडभाग, ‘द मेनॅजरी’. स्पॉकची वाग्दत्त वधू टी’प्रिंग हिच्यासाठी दुसऱ्या सीझनचा पहिला, ‘अमॉक टाइम’. आणि सगळ्यात महत्त्वाचा पहिल्या सीझनचा 14 वा, ‘बॅलन्स ऑफ टेरर’. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’च्या पहिल्या सीझनचा शेवटचा भाग त्याच प्रसंगाची वेगळी शक्यता मांडतो, म्हणून तो आदल्या दिवशी पाहावा.

मग ‘डिस्कव्हरी’ कोणी आधी घ्यावी? ज्यांना एका माणसाचा लांबचा प्रवास हवा आहे त्यांनी. नायिका बर्नहॅमची चूक, तिची शिक्षा आणि तिथून तिचं पुन्हा उभं राहणं ‘डिस्कव्हरी’ जितक्या सबुरीने दाखवते, तितकी सवड दर भागात नवी गोष्ट मांडणाऱ्या मालिकेला मिळत नाही. तिसऱ्या सीझनपासून कथा 930 वर्षं पुढे, 32 व्या शतकात जाते आणि जुन्या इतिहासाशी जुळवून घेण्याचं बंधन गळून पडतं. त्याच शतकात घडणारी ‘स्टारफ्लीट अकॅडमी’ पाहायची असेल तर हे सीझन आधी झालेले बरे.

मुलांसोबत पाहणार असाल तर जपून. ‘डिस्कव्हरी’च्या पहिल्या सीझनमध्ये छळाची दृश्यं आणि शिव्या आहेत. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ एरवी सौम्य, पण पहिल्या सीझनचा नववा भाग सरळ भयपट आहे. माणसाच्या शरीरातून गॉर्नची पिल्लं बाहेर पडतात. तो भाग आधी एकट्याने पाहा. लहानांसाठी ‘प्रॉडिजी’ ही स्टार ट्रेक मालिका मुद्दाम केलेली आहे.

वर्गणी भरण्यापूर्वी सगळे सीझन त्या अ‍ॅपवर आहेत का, हे एकदा तपासा. नोव्हेंबर 2021 मध्ये ‘डिस्कव्हरी’ नेटफ्लिक्सवरून उठली ती चौथा सीझन सुरू व्हायला जेमतेम दोन दिवस असताना, आणि भारतातले प्रेक्षक मधेच अडकले. 65 भागांना साधारण 55 तास लागतात. रोज एक भाग धरला तरी दोन महिन्यांहून थोडे जास्त दिवस, म्हणजे तीन महिन्यांची वर्गणी लागेल.