मागाच्या खडखडाटात स्मार्टवॉच, मनात मात्र टिसो

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. माग सुरू झाले की फोनची रिंग सोडाच, शेजारच्याची हाकही ऐकू येत नाही. तिथं स्मार्टवॉचला तोड नाही. सूतवाल्याचा फोन आला की मनगटावर थरथर होते, नाव दिसतं, मी बाहेर येऊन बोलतो. या एका कामासाठी ते घ्यावंच. पावलं, झोप वगैरे ठीक. चार्जिंगची मात्र कटकट, आणि सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात स्क्रीन वाचायला हाताची सावली धरावी लागते.

जीव जडलाय तो टिसो या स्विस कंपनीच्या पॉवरमॅटिक ८० यंत्राच्या घड्याळावर. बॅटरी नाहीच. हात हलला की आतलं अर्धवर्तुळाकार वजन फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसत जाते. पूर्ण चावी बसली असेल तर काढून ठेवल्यावरही ८० तासांपर्यंत चालतं. कानाशी धरलं की सेकंदाला सहा ठोके. माझ्या घड्याळाला मागं काच आहे, त्यातून हे सगळं हलताना दिसतं. ताणाबाणा बघत वाढलेल्या माणसाला यापेक्षा सुंदर काय हवं?

दिवसाला काही सेकंदांचा फरक पडतो, तो मला चालतो. चुंबकत्व हा अशा घड्याळांचा जुना शत्रू, म्हणून मागांच्या विजेच्या मोटारींजवळ ते नेत नाही. लग्नकार्याला, गड्ड्याच्या यात्रेला हमखास घालतो. घेणार असाल तर सर्व्हिसिंगचा खर्च दुकानातच विचारून घ्या, तो काही वर्षांनी येतोच. स्मार्टवॉच मात्र फार महागाचं घेऊ नका. बॅटरी दमली की त्याचं आयुष्य संपत येतं.