सिन्नर रस्त्याजवळचा पाझर तलाव: दिवसभराचा पास आणि फलकावरचे नियम

नाशिकमध्ये गळ टाकायचा म्हटले की गंगापूर धरणाचे किंवा गोदावरीचे नाव आधी निघते. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी भाच्याला घेऊन सिन्नर रस्त्यापासून आत असलेल्या एका लहान पाझर तलावावर गेलो. 1972 च्या दुष्काळात कामावर आलेल्या लोकांनी जे असंख्य पाझर तलाव बांधले, त्यांपैकीच हा एक, असे गावकरी सांगतात. मासेमारीचा ठेका गावातल्या मच्छीमार संस्थेकडे आहे. संस्था पावसाळ्यात तलाव भरला की त्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, सोडते, उन्हाळ्यात पाणी आटू लागले की जाळी ओढते आणि मधल्या महिन्यांत शनिवारी व रविवारी हौशी लोकांना पास देते. पास माणशी 150 रुपयांचा आहे.

प्रवेशापाशीच नियमांचा पत्र्याचा फलक आहे. एका पासावर दोनच गळ, जाळे आणण्यास मनाई, पाण्यात उतरण्यास मनाई, मद्यपानास मनाई, अर्ध्या किलोखालील मासा परत सोडावा आणि ठेवलेला मासा वजन करून विकत घ्यावा, असे त्यावर लिहिले आहे. सुरुंग, विष किंवा विजेचा प्रवाह वापरणाऱ्यास पोलिसांच्या ताब्यात दिले जाईल, ही ओळ तेवढी लाल रंगात आहे. सुरुंग आणि विष यांवरची बंदी 1897 च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनची आहे, तरीही ती आजच्या फलकावर लाल रंगात लिहावी लागते.

या फलकात एक मोठी उणीव आहे आणि ती आमच्या पहिल्याच माशाने उघड केली. दहाच्या सुमारास भाच्याच्या गळाला तळहाताएवढी चिलापी (तिलापिया) लागली. पाठीवरचा काटेरी पर ताठ उभारून ती हातात वळवळत होती. भाच्याने नियमाप्रमाणे हात ओले केले, गळ अलगद सोडवला आणि मासा पाण्यात सोडून दिला. तेवढ्यात बांधावरून राखणदार मामांनी आवाज दिला, “अरे बाळा, चिलापी नाही सोडायची! ती पाटीत टाक.” आम्ही दोघेही गोंधळलो, कारण फलकावर चिलापीचा वेगळा उल्लेख कुठेच नव्हता.

मामांनी सांगितलेले कारण ऐकल्यावर, इतकी वर्षे गळ टाकूनही आपण हा नियम उलटा समजत होतो, हे माझ्या लक्षात आले. लहान मासा सोडायचा तो त्याची वीण वाढावी म्हणून, असा माझा समज होता. परंतु रोहू, कटला आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालतच नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते, चढते पाणी लागते. म्हणूनच 10 जुलै 1957 रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रजनन घडवून आणले, त्याचे महत्त्व एवढे मानले जाते; आज तलावांत सोडले जाणारे बीज त्याच पद्धतीने तयार होते. म्हणजे या तलावातील प्रत्येक रोहू संस्थेने पैसे मोजून आणलेला असतो आणि लहान रोहू परत सोडायचा तो त्याने वजन धरावे म्हणून. चिलापीचे नेमके उलटे आहे. मूळचा आफ्रिकेतला आणि 1952 मध्ये आपल्याकडे आणलेला हा मासा साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितो, मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, आणि बघता बघता तलाव खुरट्या चिलापीने भरून बोटुकलीच्या तोंडचा घास जातो. ती जितकी बाहेर निघेल तितके संस्थेला हवेच असते. हे सारे फलकावर एका ओळीत लिहिता आले असते: “चिलापी कोणत्याही आकाराची असो, परत सोडू नये.”

दुसरी तक्रार वजनाची आहे. निघताना आमचे मासे ओल्या पाटीसकट काट्यावर ठेवले गेले. पाणी निथळू द्यावे आणि पाटीचे वजन वजा करावे, हे आम्हाला दोनदा सांगावे लागले. सांगितल्यावर तसे केले गेले, कुरकुर झाली नाही. पण न सांगणाऱ्याचे काय होत असेल, हा प्रश्न उरतोच. शिवाय नको असलेल्या चिलापीलाही रोहूचाच दर लावणे मला पटले नाही. स्वच्छतागृह नाही, त्यामुळे कुटुंबासह दिवसभर थांबणे अवघड आहे.

मासे मात्र आहेत. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेल्या गोळीला दुपारपर्यंत दोन रोहू लागले, त्यातला मोठा सव्वा किलोचा भरला. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते आणि तो वरच्या थरात चरतो, मृगळ तळाशी, रोहू मधल्या पाण्यात; त्यामुळे दोनच गळांची मर्यादा असली तरी एक तळाला आणि एक मध्यावर ठेवून पाहता येते. तुटलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, काठावर न टाकता मामांकडच्या डब्यात टाकावा लागतो. फलकावर न लिहिलेला हा नियम मला सर्वांत आवडला, कारण बाभळीच्या फांदीवर गुंता होऊन लटकलेला तंगूस आणि त्यात अडकलेला खंड्या मी दुसऱ्या एका तलावावर पाहिलेला आहे.

निफाडकडे पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत पहाटे जाऊन काही हाती लागत नाही. थंड पाण्यात हे मासे चारा कमी खातात, त्यामुळे ऊन चढल्यावर, दहानंतर बसावे. मार्च उजाडला की संस्थेची जाळी पडतात आणि पास बंद होतात. सुटे पैसे बरोबर न्यावेत, बांधावर मोबाइलला रेंज नसते.