केबलवरच्या फेराइट क्लिपा: चाळीस मीटर बँडवर किती उपयोगाच्या?

इंदूरच्या लोकमान्य नगरासारख्या दाट वस्तीत चाळीस मीटर बँड (सुमारे 40 मीटर तरंगलांबीचा शॉर्टवेव्ह पट्टा) ऐकणाऱ्या हौशी रेडिओचालकाला हल्ली दूरच्या स्टेशनांपेक्षा स्वतःच्याच घरातली उपकरणे अधिक ऐकू येतात. त्यावरचा स्वस्त उपाय म्हणून केबलवर चिमट्यासारख्या बसणाऱ्या फेराइट (लोहयुक्त चुंबकीय सिरॅमिक) क्लिपांचे डबे ऑनलाइन सर्रास विकले जातात. असाच 3.5, 5, 7, 9 आणि 13 मिलिमीटर अशा पाच मापांचा एक डबा मी मागवून वापरून पाहिला. त्यावर कंपनीचे नाव नाही, फेराइट कोणत्या मिश्रणाचे आहे याचाही उल्लेख नाही. सर्व प्रकारची खरखर दूर होईल, एवढे आश्वासन मात्र ठळक छापले आहे. आपल्याकडे 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झ असलेल्या या बँडवर ते आश्वासन टिकत नाही; तरीही डब्यातले एक माप पैसे वसूल करून देणारे आहे.

एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, राउटरचे अडॅप्टर आणि अलीकडचे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे या सर्वांत स्विच मोड पॉवर सप्लाय असतो. तो सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो आणि जोडतो, आणि त्या वारंवारतेच्या पटीतल्या लहरी थेट मेगाहर्ट्झपर्यंत चढत जातात; म्हणूनच डायल फिरवताना ठरावीक अंतराने तीच घरघर पुन्हा पुन्हा येते. हा गोंगाट अडॅप्टरच्या दोन्ही तारांमधून एकाच दिशेने वाहू लागला, की ती केबलच त्याची अँटेना बनते. दोन्ही तारा एकत्र फेराइटमधून नेल्या, तर उपकरणाला लागणारा जाणारा आणि परतणारा प्रवाह आत एकमेकांचे चुंबकत्व रद्द करतात, त्यामुळे उपकरण निर्वेधपणे चालते आणि अडतो तो एका दिशेने वाहणारा गोंगाटच.

खरी अडचण यापुढे आहे. केबल क्लिपमधून एकदाच नेली, तर 7 मेगाहर्ट्झवर मिळणारा अडथळा जेमतेम काही दशक ओहम भरतो आणि तेवढ्याने काहीच साधत नाही. मात्र हा अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तार चार वेळा आतून नेली, तर तो साधारण सोळापट होतो. बारीक मापांच्या क्लिपांत एकापेक्षा अधिक वेढे बसतच नाहीत, त्यामुळे डब्यातला मोठा भाग या बँडसाठी निरुपयोगी ठरतो. 13 मिलिमीटरच्या क्लिपेत मात्र अडॅप्टरची बारीक तार चार-पाच वेळा सहज फिरते. राउटरच्या अडॅप्टरवर एकच वेढा असताना रिसीव्हरवरच्या एस-मीटरची (संकेताची ताकद दाखवणाऱ्या मापकाची) सुई हलली नाही. चार वेढ्यांनंतर तो गोंगाट एस 7 वरून एस 4 वर आला. एक एस-युनिट म्हणजे 6 डेसिबल धरले, तर हा 18 डेसिबलचा फरक आहे आणि तेवढ्यात बुडालेली मोर्स (ठिपके-रेघांची सांकेतिक भाषा) स्पष्ट वाचता येते. क्लिप गोंगाट करणाऱ्या उपकरणाच्या अगदी जवळ बसवावी. तारेच्या दुसऱ्या टोकाला बसवल्यास मधली सगळी तार अँटेनाचे काम करतच राहते.

फेराइटच्या जातीचा अंदाज घरीही घेता येतो. क्लिप उघडून फेराइटच्या उघड्या, घासलेल्या पृष्ठभागावर मल्टिमीटरच्या सळ्या टेकवल्या, की मँगेनीज-झिंक मिश्रण काही ना काही रोध दाखवते, तर निकेल-झिंक जवळपास खुले सर्किट दाखवते. या डब्यातल्या क्लिपांनी काहीच दाखवले नाही. त्यावरून त्या निकेल-झिंकच्या, म्हणजे मुख्यतः 25 मेगाहर्ट्झच्या वरच्या गोंगाटासाठी बनवलेल्या दिसतात. एचएफसाठी (3 ते 30 मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी) हौशी मंडळी ज्या 31 क्रमांकाच्या मिश्रणाची शिफारस करतात, ते मँगेनीज-झिंक असते आणि 1 मेगाहर्ट्झपासूनच उपयोगी पडते. त्याचे 61 मिलिमीटर व्यासाचे एकच कडे या संपूर्ण डब्याहून महाग पडते. तरी अँटेनाच्या कोॲक्सवर (अँटेनाकडून रेडिओकडे येणाऱ्या केबलवर) चोक (गोंगाट अडवणारे वेढे) करायचा असेल, तर पैसे तिथेच घालावेत. शिवाय काही क्लिपांचे दोन्ही अर्धे भाग नीट मिटत नाहीत, आणि मध्ये केसभर फट राहिली तरी परिणाम बराच घटतो.

या क्लिपा जिथे मुळीच चालत नाहीत अशा दोन जागा आहेत. हलक्या प्रतीच्या एलईडी बल्बला वेढे घालण्याजोगी तार नसते आणि तो घराच्या वायरिंगलाच अँटेना करतो. तिथे बल्ब बदलणे हाच उपाय आहे. दुसरी जागा म्हणजे गल्लीतल्या विजेच्या खांबावर सैल जोडातून उडणाऱ्या ठिणग्या. ती गुणगुण 100 हर्ट्झच्या लयीत येते आणि पावसाची चांगली सर आली की बऱ्याचदा थांबते. तिचा बंदोबस्त वीज खात्यानेच करायचा असतो. म्हणून खरेदीआधी रिसीव्हर बॅटरीवर लावून घराचा मेन स्विच बंद करावा, मग सगळे एमसीबी (घराच्या एकेका भागाची वीज तोडणारे स्विच) पाडून मेन स्विच पुन्हा चालू करावा आणि एकेक एमसीबी चालू करत गोंगाट कुठून येतो ते पाहावे. घरात इन्व्हर्टर असल्यास तोही आधी बंद करावा, कारण वीज जाताच तो अर्धे घर आपल्या अंगावर घेतो आणि परीक्षा तिथेच फसते.

पार्सल वेळेवर आले, मात्र खोक्यात पुरेसा कागद न भरल्यामुळे काही फेराइट तडकलेले निघाले. विक्रेत्याने तक्रारीनंतर ते बदलून दिले, पण मिश्रण कोणते या प्रश्नाला शेवटपर्यंत उत्तर दिले नाही. पूर्ण डबा घेण्याऐवजी 13 मिलिमीटरच्या क्लिपा सुट्या मिळत असतील तर त्याच घ्याव्यात, आणि तोवर भंगारातल्या जुन्या मॉनिटरच्या केबलवर असणारी फुगीर गाठ कापून काढावी. तिच्यातही फेराइटच असते.