काटा लालवर गेला म्हणून हेड उतरवू देऊ नका

जुन्या गाडीचा टेम्परेचरचा काटा लालवर गेला की मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि नेमकं तेव्हाच गॅरेजमध्ये ऐकू येतं, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." (हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालची सील.) मग गाडी आठवडाभर उभी. हेड उतरतं, फेस मारला जातो (त्याचा तळ घासून सपाट होतो), गॅस्केट किट, ऑइल, कूलंट, मजुरी असं सगळं बिलात चढतं. गाडी परत मिळते तेव्हा काटा मध्यावर असतो, त्यामुळे मालक मुकाट्यानं पैसे मोजतो. बदललेल्या सामानात बऱ्याचदा कामाची वस्तू एकच असते, इंजिनची उष्णता काट्याला कळवणारा अंगठ्याएवढा पितळी सेंडर. तो एका पान्यानं निघतो, आणि बिलात बहुधा त्याचं नावही नसतं.

हे खपतं, कारण काटा म्हणजेच इंजिनची उष्णता असं आपण धरून चालतो. काटा दाखवतो तो वायरीतून जाणारा करंट. सेंडरच्या पोटात थर्मिस्टर असतो. कूलंट तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो, करंट वाढतो आणि काटा चढतो. सेंडरची वायर एक्झॉस्टजवळ भाजून इंजिनला टेकली, किंवा सेंडर आतून शॉर्ट झाला, तर बर्फासारख्या गार इंजिनातही काटा लालवर जाणारच. वायर तुटली तर याच्या उलट. कूलंट उकळत असलं तरी काटा तळाशी झोपलेला. (फार जुन्या काही गाड्यांत वायरीऐवजी बारीक तांब्याची नळी थेट मीटरपर्यंत जाते. पुढच्या वायरीच्या चाचण्या तिथं लागू नाहीत.)

म्हणून पहिली चौकशी, काटा चढला कसा? गाडी खरंच तापताना काटा हळूहळू सरकतो, पंखा सारखा फिरत राहतो, वरचा होस दगडासारखा कडक होतो, कूलंटचा गोडसर वास येतो. रात्रभर उभ्या गाडीत किल्ली फिरवताच काटा टुणकन लालवर गेला, तर दोष विजेचा आहे, हे मीटरला हात न लावता सांगता येतं. हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल तर डॅशबोर्डची अर्थिंग तपासा. पेट्रोलचा काटाही टाकीत आहे त्यापेक्षा जास्त दाखवत असेल, तर मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर गेलेला असू शकतो. जुन्या बायमेटल मीटरना तो सरासरी 10 व्होल्टच्या आसपास देतो. त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरीचा पूर्ण दाब दोन्ही मीटरवर येतो आणि दोन्ही काटे एकदमच वर जातात. अशा गाडीत हेड खोलणं म्हणजे दिव्याचं बटण बिघडलं म्हणून भिंत पाडणं.

पुढची चाचणी इंजिन पूर्ण गार असतानाच करायची. एक वायर असलेला सेंडर मीटरचा, दोन वायरींचा सेन्सर सहसा इसीएमचा (इंजिनच्या कंप्युटरचा), आणि पंख्याचा स्विच बऱ्याच गाड्यांत आणखी वेगळा. हात फक्त एका वायरीच्या सेंडरला लावायचा. किल्ली ऑन करून ती वायर काढा. वर अडकलेला काटा खाली आला, तर वायर आणि मीटर ठीक, सेंडर शॉर्ट. वायर काढूनही काटा वरच राहिला, तर मधे कुठंतरी वायर टेकली आहे किंवा मीटरच खराब आहे. मग वायरीचं टोक क्षणभर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. काटा लालकडे सरकला पाहिजे. सरकला की लगेच सोडा, जास्त वेळ धरलं तर मीटर जळू शकतो.

काही बहाद्दर हीच चाचणी गिऱ्हाइकासमोर उलटी करून दाखवतात. बोनेटखाली हात, आत काटा लालवर, आणि "बघा, किती तापतंय!" बोनेटखाली कोणाचा हात असताना काटा वर गेला, तर तो पुरावा मानू नका.

काट्याला बाजूला ठेवून उष्णता मोजायची तर इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) घरावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरा, कारण चकचकीत अल्युमिनियमवर तो खूप कमी आकडा दाखवतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांचा थर्मोस्टॅट 82 किंवा 88 अंशांना उघडायला लागतो. त्यामुळे इंजिन तापल्यावर 85 ते 95 दिसणं नेहमीचं. काटा लालवर आणि इथं 88, मग गॅस्केटचा विषय निघतो कुठून?

तो निघतो "पुराव्यां"मधून. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दाखवतात. थंडीत थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या वाफेनं जमते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सकाळी सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ आणि कूलंट भरल्यावर हवा निघताना येणारे दोन-चार बुडबुडे, यांचंही तसंच. गॅस्केट खरंच गेलंय असं म्हणणं असेल तर दोन चाचण्या मागा. एक, रेडिएटरच्या तोंडाशी धरायची गॅसची चाचणी. पेट्रोल इंजिनचा जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर नळीतलं निळं द्रावण पिवळं पडतं. दुसरी, गार इंजिनवर हातपंपानं रेडिएटरच्या झाकणावर छापलेल्या दाबाएवढी, बहुधा 0.9 बारच्या आसपास, हवा भरून पंधरा मिनिटं थांबणं. दाब उतरतोय आणि बाहेर कुठंच गळती नाही, तर मात्र पाणी आत जातंय. तसं असेल तर खोलू द्या.

आता याच्या उलटी, जास्त घातक फसवणूक. ती जुनी गाडी विकताना होते. गाडी खरंच तापते, पण काटा शहाण्यासारखा मध्यावर बसवलेला असतो. सेंडरच्या वायरीत एक रेझिस्टर जोडून वर काळी टेप गुंडाळतात. नेहमी मिळणारा एक सेंडर 100 अंशांना साधारण 38 ओहम दाखवतो. त्याच्या ओळीत 50 ओहम घातले की मीटरला 88 दिसतात, म्हणजे तो समजतो सत्तर-पंचाहत्तर अंश. इंजिन उकळतंय आणि काटा निवांत! पकडायचं कसं, तर वरचीच चाचणी. सेंडरपाशी वायर धातूला टेकवल्यावर काटा लालपर्यंत न जाता अर्ध्या वाटेत थांबला, तर वायरीवरची टेप सोलून बघा.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा याचाच गरीब भाऊ. काटा खाली राहतो, "काम झालं" म्हणतात, आणि इंजिन कायम गार चालून पेट्रोल जास्त खातं. वरचा होस गाडी सुरू केल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट आत नाही किंवा उघडाच अडकलाय. तो नीट असेल तर होस बराच वेळ गार राहून मग चटकन तापतो.

एक मात्र विसरू नका. चढत गेलेला काटा अचानक तळाला आला तर "बरं झालं" म्हणू नका. कूलंट संपून सेंडर कोरडा पडला की असंच होतं. गाडी लगेच बंद करा, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

नवा सेंडर बसवल्यावर काटा हलत नाही म्हणून पूर्ण मीटर बदलायला सांगितला, तर आधी सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आहे का पाहा. एका वायरीच्या सेंडरची अर्थिंग त्या आट्यांतूनच होते. आणि काढलेला जुना सेंडर मागून घ्या. पातेल्यात त्याचं टोक बुडवून मल्टिमीटर लावा, पाणी तापवत जा. गारपासून उकळीपर्यंत ओहम न अडखळता उतरत गेले, तर तो सेंडरही चांगलाच होता.