पीआयबीचं संकेतस्थळ: चालू घडामोडींसाठी फुकटात मिळणारा सगळ्यात भरवशाचा ऐवज, पण वाचायची रीत कळली तर

११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ युनेस्कोच्या यादीत गेले. बारा किल्ले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. भारताचं हे ४४वं वारसास्थळ. इतकं प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत आहे, आणि प्रश्न काढणाऱ्यालाही ते ठाऊक आहे. म्हणून तो इतकंच विचारत नाही.

त्या दिवसाचं केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं, म्हणजे पीआयबीचं, प्रसिद्धीपत्रक उघडून खालपर्यंत वाचलं की किल्ल्यांची वर्गवारी सापडते. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड आणि जिंजी हे डोंगरी किल्ले. प्रतापगड दाट झाडीतला, म्हणून तो डोंगरी-वनदुर्ग. पन्हाळा पठारावरचा डोंगरी किल्ला. विजयदुर्ग किनारी, तर खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग पाण्याने वेढलेले. दुसरा मुद्दा संरक्षणाचा. शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी हे आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. ‘बाराही किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत’ हे विधान पूर्व परीक्षेत आलं, तर नुसती यादी पाठ केलेला उमेदवार ते डोळे झाकून बरोबर धरील. यूपीएससी पूर्व परीक्षेच्या जीएस (सामान्य अध्ययन) पेपरमध्ये १०० प्रश्न आणि २०० गुण असतात. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणजे तीन चुका एक बरोबर उत्तर गिळतात. एमपीएससीच्या राज्यसेवेत हीच कपात एक चतुर्थांश आहे.

म्हणूनच पीआयबीचं संकेतस्थळ मी चालू घडामोडींच्या साहित्यात सगळ्यात वर ठेवतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या जाडजूड मासिकांचा बराचसा कच्चा माल इथूनच जातो. तो मूळ रूपात आणि फुकट मिळतो. तरीही पुष्कळजण आठवडाभर वाचून ते सोडून देतात. कारण साधं आहे: हे संकेतस्थळ पत्रकारांसाठी बांधलेलं आहे, विद्यार्थ्यांसाठी नाही. रोज डझनांनी पत्रकं येतात आणि त्यांतली बहुतेक आपल्या कामाची नसतात.

आधी वापराबद्दल. मुखपृष्ठावरच्या फिरत्या चित्रांत अडकू नका, थेट ‘सर्व प्रसिद्धीपत्रके’ या पानावर जा. तिथे मंत्रालय, दिवस, महिना आणि वर्ष निवडायच्या पट्ट्या आहेत. रोज वाचणाऱ्याने सगळी मंत्रालये आणि कालची तारीख निवडावी. आज नको, काल. दुपारी पाहिलं तर अर्धी यादी अजून यायची असते, आणि मग एकच दिवस दोनदा चाळावा लागतो. ज्यांचा मागचा अभ्यास राहिलाय, त्यांनी दिवसाच्या जागी ‘सर्व’ ठेवून एकेक मंत्रालय महिन्याच्या हिशोबाने काढावं. पर्यावरण, संस्कृती, विज्ञान व तंत्रज्ञान, आदिवासी कार्य, कृषी आणि नवीन व नवीकरणीय ऊर्जा ही सहा मंत्रालये या पद्धतीने वाचली, तर पूर्व परीक्षेच्या दृष्टीने सगळ्यात जास्त पदरात पडतं. यादी रिकामी किंवा भलतीच आखूड दिसली, तर वर कार्यालय कोणतं निवडलंय ते पाहा. दिल्ली ऐवजी एखादं प्रादेशिक कार्यालय निवडलेलं असलं की फक्त तिथलीच पत्रकं दिसतात.

मराठीत वाचायचं असेल तर पत्रकाच्या तळाशी ‘हे पत्रक या भाषांमध्ये वाचा’ अशा अर्थाची ओळ असते. तिथे मराठीचा दुवा असला तर मुंबई कार्यालयाने केलेला अनुवाद मिळतो. सगळ्याच पत्रकांना तो नसतो. राज्यसेवेचा आणि यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देणारा विद्यार्थी, दोघांनाही हा अनुवाद मोलाचा आहे, कारण तिथे सरकारी परिभाषा तयार मिळते. मात्र यूपीएससीच्या पूर्व परीक्षेचा पेपर फक्त हिंदी आणि इंग्रजीत छापतात. म्हणून नोंदीत मराठी शब्दाशेजारी मूळ इंग्रजी संज्ञाही लिहून ठेवा. ‘केंद्रीय क्षेत्र योजना’ आणि ‘केंद्र पुरस्कृत योजना’ हे शब्द मराठीत एकमेकांत सहज मिसळतात. पहिलीचा सगळा खर्च केंद्र करतं. दुसरीत राज्याचा वाटा असतो, साधारणपणे ६०:४०, आणि ईशान्येकडच्या व हिमालयातल्या राज्यांसाठी ९०:१०. या एका फरकावर विधान उलटं करणं प्रश्न काढणाऱ्याला फार सोपं जातं. पीएम विश्वकर्मा ही केंद्रीय क्षेत्र योजना आहे: १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसाय, १३,००० कोटी रुपये, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालय. नाव ऐकून कौशल्य विकास मंत्रालय लिहिणारे पुष्कळ असतात.

काय सोडायचं हे ठरवता आलं की निम्मं काम झालं. शुभेच्छा, शोकसंदेश, भेटीगाठी, उद्घाटनांचे फोटो, मंत्र्यांच्या भाषणांचा पूर्ण मजकूर, स्पर्धांचे निकाल हे सगळं शीर्षकावरूनच बाजूला काढता येतं. राहतात ती चार प्रकारची पत्रकं. मंत्रिमंडळाचे आणि आर्थिक व्यवहारविषयक समितीचे निर्णय एकही चुकवू नयेत. अधिसूचना व नियम लागू झाल्याची पत्रकं घ्यावीत. पीआयबीची पार्श्वभूमी सांगणारी दीर्घ टिपणं सवडीने वाचावीत. चौथा प्रकार लोक हमखास दुर्लक्षितात आणि मला तोच सगळ्यात आवडतो: संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं. अधिवेशन चालू असताना अशी पत्रकं ढिगाने येतात. शेवटच्या ओळीत ‘ही माहिती अमुक मंत्र्यांनी आज लोकसभेत लेखी उत्तरात दिली’ असं असतं, ती त्यांची खूण. खासदाराने एखाद्या योजनेबद्दल नेमकं विचारलेलं असतं, म्हणून उत्तरात योजनेची सुरुवात, पात्रता, निधीचा वाटा आणि राज्यवार तक्ता एकाच जागी मिळतो. मासिकातली दोन पानं इथे अर्ध्या पानात येतात.

निवडलेलं पत्रक कसं वाचायचं त्याचा नमुना ३ ऑक्टोबर २०२४ चा घेऊ. मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा दिला. पहिल्या परिच्छेदात निर्णय संपतो. आपल्याकडे आनंद मोठा होता आणि तो रास्तच होता, पण परीक्षेचा मजकूर त्या परिच्छेदाच्या खाली आहे. अभिजात भाषांचा वर्ग १२ ऑक्टोबर २००४ ला तयार झाला आणि पहिली भाषा तमिळ. तेव्हा प्राचीनतेची अट हजार वर्षांवर होती. २००५ मध्ये ती १५०० ते २००० वर्षं झाली आणि संस्कृत आली. २००८ मध्ये तेलुगू व कन्नड, २०१३ मध्ये मल्याळम, २०१४ मध्ये ओडिया. म्हणजे आधीच्या सहा आणि नव्या पाच मिळून अकरा. महाराष्ट्राचा प्रस्ताव २०१३ चा. २०१७ मध्ये मंत्रालयांच्या आपसांतल्या विचारविनिमयात गृह मंत्रालयाने निकष अधिक कडक करायला सुचवलं आणि प्रकरण थांबलं. भाषातज्ज्ञ समितीने २५ जुलै २०२४ च्या बैठकीत निकष बदलले. या समितीचं काम साहित्य अकादमीमार्फत चालतं.

आता निकषच जुने-नवे शेजारी ठेवून पाहा. २००५ च्या यादीत ‘साहित्यपरंपरा स्वतःची असावी, दुसऱ्या भाषासमूहाकडून उसनी घेतलेली नसावी’ अशी अट होती. २०२४ च्या यादीत ती नाही. तिच्याऐवजी काव्याशिवाय गद्यातले ज्ञानग्रंथ आणि शिलालेखांचा पुरावा आला. हा बदल पत्रकात कुठेही ‘बदल’ म्हणून ठळक केलेला नाही. दोन्ही याद्या आपणच ताडून पाहाव्या लागतात. विधानांवरचा प्रश्न नेमका अशा जागी बसतो. शिवाय २०२० मध्ये संस्कृतसाठी कायद्याने तीन केंद्रीय विद्यापीठं झाली, आणि कन्नड, तेलुगू, मल्याळम व ओडियाची उत्कृष्टता केंद्रं म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेअंतर्गत आहेत, हेही त्याच पत्रकात शेवटी आहे. एवढ्या सगळ्याची नोंद आठ ओळींत बसते. आठच्या वर गेली तर उजळणीला ती परत उघडली जात नाही.

आता उणिवा, आणि त्या मोठ्या आहेत. पीआयबी ही सरकारची बाजू आहे, आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. आक्षेप, न्यायालयातली आव्हानं, लेखापरीक्षणातली टीका इथे मिळणार नाही. वाढवण बंदराचंच घ्या. १९ जून २०२४ च्या पत्रकात ७६,२२० कोटींचा खर्च, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांचा ७४:२६ हिस्सा, प्रत्येकी १००० मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स हे सगळं चोख आहे. डहाणूच्या मच्छीमारांचा विरोध त्यात नाही. पूर्व परीक्षेला पत्रक पुरेल. मुख्य परीक्षेत ‘किनारी विकास आणि उपजीविका’ अशा अंगाने प्रश्न आला तर त्या एका पत्रकावर लिहिलेलं उत्तर सरकारी जाहिरातीसारखं वाचलं जाईल.

दुसरी अडचण क्रियापदांची. ‘मंजूर’, ‘संमत’, ‘अधिसूचित’ आणि ‘लागू’ हे चार वेगळे टप्पे आहेत आणि शीर्षकं वाचताना ते एकच वाटतात. चार श्रम संहिता २०१९ आणि २०२० मध्ये संसदेत संमत झाल्या, पण लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ ला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे, तेही टप्प्याटप्प्याने अमलात येणारे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, मात्र अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाबाबतचं कलम १०६(२) तेव्हा वगळलेलं होतं. नोंदीत प्रत्येक कायद्यापुढे या चार टप्प्यांच्या तारखा वेगवेगळ्या लिहा. तसंच आकड्यांचं. तरतूद, मंजूर खर्च आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन निराळे आकडे असतात, आणि ‘पाच वर्षांसाठी’ हे दोन शब्द सुटले की वार्षिक आकडा पाचपट फुगतो.

तिसरं म्हणजे काही विषय इथे पुरेसे येतच नाहीत. पतधोरणासाठी रिझर्व्ह बँकेचं संकेतस्थळ, करार आणि संयुक्त निवेदनांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांसाठी वर्तमानपत्राला पर्याय नाही. विधेयकांसाठी संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेचं संकेतस्थळ वापरा. तिथला एकदोन पानांचा सारांश आणि विधेयक कुठल्या टप्प्यावर आहे त्याची नोंद पीआयबीच्या पत्रकापेक्षा सरस असते. त्यांचा मासिक धोरण आढावा महिनाअखेरीस वाचला की पीआयबीतून काय निसटलं ते लगेच दिसतं. राज्यसेवेसाठी तर पीआयबी निम्मीच. राज्याचे निर्णय ‘महासंवाद’ या राज्य सरकारच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर येतात, मूळ शासन निर्णय राज्याच्या वेगळ्या संकेतस्थळावर मिळतात, आणि अर्थसंकल्पाआधी येणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी स्वतंत्रपणे वाचावी लागते.

वेळेचं गणित असं ठेवा: शीर्षकं चाळायला दहा मिनिटं, तीन ते पाच पत्रकं वाचायला वीस, नोंदीला पंधरा. पाऊण तासाच्या वर जात असेल तर निवड सैल पडतेय. पत्रकं पीडीएफ करून साठवण्याचा नाद मात्र अजिबात नको. प्रत्येक पत्रकाला ओळख क्रमांक असतो. तो नोंदीच्या कोपऱ्यात लिहिला की लागेल तेव्हा मूळ मजकूर सापडतो.

पूर्व परीक्षा पहिल्यांदा देणारा आणि उशिरा जागा झालेला विद्यार्थी असेल, तर त्याने रोजची यादी सोडून वर्षअखेरच्या आढाव्यांपासून सुरुवात करावी. डिसेंबर आणि जानेवारीत बहुतेक मंत्रालये आपापला आढावा पीआयबीवर देतात, आणि बारा महिन्यांतल्या योजना, करार, नवी केंद्रं, पुरस्कार एका लांब पत्रकात येतात. पर्यावरण आणि संस्कृती मंत्रालयांचे आढावे आधी घ्या, नकाशा शेजारी ठेवा आणि नाव येणारं प्रत्येक ठिकाण त्यावर पेन्सिलीने टिंबून ठेवा.