‘सेट’ या एका शब्दावर पारखलेला ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश

इंग्रजी शब्दकोश पारखायचा असेल तर त्यात अवघड शब्द शोधू नयेत, ‘सेट’सारखा रोज कानावर पडणारा शब्द काढून पाहावा. १९८९ साली २० खंडांत निघालेल्या मोठ्या ऑक्सफर्ड कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती आणि त्याच्या क्रियापदाचेच सुमारे ४३० अर्थ तिथे दिलेले होते. एवढा पसारा शिकणाऱ्याला पेलवत नाही. त्याच्यासाठी ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ आहे. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना सहकाऱ्यांबरोबर रचलेला हा कोश १९४२ मध्ये प्रथम तिथेच छापला गेला. परक्या भाषेतून इंग्रजीकडे येणारा माणूस नेमका कुठे अडखळतो, याची जाण त्याच्या मांडणीत आजही दिसते.

कोशातील व्याख्या सुमारे ३००० नेहमीच्या शब्दांच्या आधाराने लिहिलेल्या असल्यामुळे एक अर्थ समजून घेण्यासाठी आणखी चार शब्द शोधावे लागत नाहीत. मला मात्र त्याचे खरे मोल ‘सेट इन’ या प्रयोगाने पटले. एका भाषांतरात ‘द रेन हॅड सेट इन’ या वाक्यासाठी मी ‘पाऊस सुरू झाला’ असे लिहून पुढे गेले होते. पाऊस, वाईट हवा किंवा जंतुसंसर्ग सुरू होऊन लवकर हटेल असे दिसत नाही, तेव्हा हा प्रयोग करतात, असे कोशाने सांगितले आणि मी ‘पावसाने ठाण मांडले’ अशी दुरुस्ती केली.

नोंदीच्या शेवटी दिलेली व्युत्पत्ती सहसा कोणी वाचत नाही, पण ती अवश्य वाचावी. हे क्रियापद ‘सिट’चे सख्खे नातलग आहे, म्हणजे मूळ अर्थ ‘बसवणे’. त्यामुळे अंगठीत खडा बसवणे आणि मोडलेले हाड बसवणे या दोन्हींसाठी इंग्रजीत ‘सेट’ का येते, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गजर किंवा सापळा आला की मात्र आपण ‘लावणे’कडे वळतो. हा कोश एकभाषिक असल्याने असे प्रतिशब्द वाचकाला स्वतःच शोधावे लागतात, आणि नवशिक्याला ही उणीव नक्कीच जाणवेल. त्याने आरंभी इंग्रजी-मराठी कोश सोबत ठेवावा.

पुस्तकांचा किंवा अवजारांचा ‘सेट’ म्हणतो ते नाम मात्र अंशतः वेगळ्या वाटेने, जुन्या फ्रेंचमधून आणि त्याआधी लॅटिनमधल्या ‘सेक्टा’वरून आलेले आहे. द्विभाषिक कोशांत बहुधा पहिल्याच ओळीत भेटणारा ‘संच’ हा प्रतिशब्द त्या नामापुरताच चालतो, हे या नोंदीत नाम आणि क्रियापद स्वतंत्र मांडल्यामुळे सहज लक्षात येते.